भिंतीलगतच्या दोन खुर्च्या

१४ मार्च

प्रिय वेंडेल,

आज सकाळी घोट्यापर्यंत बर्फ होता. दारासमोरची वाट साफ करायला बराच वेळ लागला, कारण मध्ये दोनदा आत येऊन बसलो. दुपारी पोस्टात जाऊन आलो. संध्याकाळी पाहुणा आला.

पाहुणा म्हणजे आपल्या गावच्या फुटबॉल टीमचा, ड्रोव्हर्सचा, खेळाडू. तुझ्या आईने डिसेंबरातच कोचला सांगून ठेवलं होतं की यंदाच्या हंगामातही एकाला आपल्याकडे ठेवून घेऊ. ती गेल्यावर कोचचा फोन आला. म्हणाला, तुम्हाला जड जाणार असेल तर तसं सांगा, कोणी काही म्हणणार नाही. मी म्हणालो की तिने शब्द दिला आहे.

मुलगा मिसिसिपीचा आहे. टायरिस बोल्डन नाव. पास पकडणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे तू खेळायचास त्या जागेवर. त्याला खोली तुझी द्यावी लागली, दुसरी नाहीच. तुझ्या वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर नीट ठेवल्या आहेत. टाकलेलं काही नाही.

फेब्रुवारीत तुझ्या फोनवर निरोप ठेवले होते, ते मिळाले असतील असं धरून चालतो. तुझ्या मासे डबाबंद करणाऱ्या कॅनरीच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं नाही, म्हणून हेही तिथेच पाठवतो आहे. अलास्कात अजून थंडीच असेल. दफनाला माणसं बरीच आली. चर्चच्या तळघरात हॅमची सँडविच कमी पडली आणि लव्हर्न कुसेरा ट्रक घेऊन आणखी आणायला गेला. तू आला असतास तर तुला ओळखीचे बरेच चेहरे दिसले असते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

आईने हंगामाची दोन तिकिटं आधीच घेऊन ठेवली होती. भिंतीलगतच्या पहिल्या रांगेतली, गोलखांबांच्या बाजूला ताणलेल्या जाळीच्या कोपऱ्यात. २९ तारखेच्या शनिवारी पहिला सामना आहे. मी जाईन असं वाटतं.

तुझा,
बाबा


३० मार्च

प्रिय वेंडेल,

जाऊन आलो. जिंकलो. पण तू सामन्यांचे निकाल बघत नसशील.

तू खेळत होतास तेव्हा मी जे काही सामने पाहिले ते वरच्या रांगेतून. इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. सभागृहातल्या या लहानशा मैदानात धावणारा माणूस थांबायला जागा नसल्यामुळे सरळ भिंतीवर आदळतो आणि त्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो. भिंतीच्या गादीवर आपल्याच डेंटिस्टची जाहिरात आहे. त्याच्या दातांवर एक माणूस उताणा पडला होता.

मी माझ्या खुर्चीवर बसलो आणि शेजारी तिच्या खुर्चीवर तिचा हिरवा कोट ठेवला. तिकिटं दोन का, याचा मी कधी विचार केला नव्हता. दर शनिवारी ती विचारायची, येतोस का, आणि मी नाही म्हणायचो, तरी ती माझी जागा घेऊन ठेवत होती, असं माझ्या ध्यानात आलं. त्यामुळे पहिल्या अर्ध्या खेळात मला फारसं काही दिसलं नाही.

पलीकडे लव्हर्न बसतो. त्याच्या गळ्यातली गायीची घंटा तुला आठवत असेल. मी बसलो तेव्हा त्याने काही तरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि मला पॉपकॉर्न दिला. मग त्याने मला तिथले नियम सांगितले. पेला खाली ठेवायचा. खेळाडू अंगावर आला तर पाठीवर थोपटून परत ढकलायचा, आपला असो की त्यांचा. बॉल भिंतीवरून आला तर तो ज्याच्या हातात पडेल त्याचा. त्याच्या घरी चार आहेत म्हणे. तुझ्या आईला एकदाही मिळाला नाही. आपल्या कोपऱ्यात जाळी पार खालपर्यंत येते, त्यामुळे बॉल जाळीला लागून परत आतच जातो आणि जमिनीवर पडेपर्यंत खेळात असतो. तिला एक हवा होता असं तो म्हणाला. मला ती कधी बोलली नव्हती.

तुझा,
बाबा


२० एप्रिल

प्रिय वेंडेल,

आज ईस्टर. सकाळी चर्चला गेलो. दुपारी टायरिसने कोंबडी तळली आणि स्वयंपाकघर मीच पुसलं.

त्याला टायरच्या दुकानात सकाळचं काम मिळालं आहे. दुपारी सराव. घरात मोठ्याने बोलत नाही. मला सर म्हणतो आणि आईचा उल्लेख मिस अर्डिथ असा करतो, जरी त्याने तिला कधी पाहिलेलं नाही. जानेवारीत दोघं फोनवर बोलले होते. तिने त्याला काय आवडतं, काय चालत नाही, सगळं विचारून घेतलं होतं. हे त्याने सांगितलं तेव्हा मी ते जॅकेटच्या खिशात ठेवल्यासारखं ठेवून दिलं आणि बाहेर फिरायला गेलो.

परवा मी तिच्यासारखं खिमा-राजम्याचं चिली केलं आणि इथल्या रीतीप्रमाणे बेकरीतून दालचिनीचे गोड रोल आणले. त्याने ताटाकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "सर, यातलं आधी काय खायचं?" मी म्हणालो, एकत्र. चिलीत बुडवून. तो म्हणाला, "तुम्ही माझी परीक्षा घेताय." मग त्याने तीन रोल खाल्ले.

कपाटातला तुझा फोटो त्याने पाहिला आहे. तू हेल्मेट हातात घेऊन उभा आहेस तो. हा इथे खेळत होता ना, असं विचारलं. तीन हंगाम, मी म्हणालो. मग कुठे गेला? मी सांगितलं की काढून टाकला. त्याने फोटो परत फळीवर ठेवला. मग म्हणाला की त्यालाही दोन ठिकाणांहून काढलं आहे, एकदा तर बसमध्ये बसल्यावर उतरवलं.

नंतर त्याने विचारलं की मग तुमचा मुलगा घरी का येत नाही. मी सांगितलं ते असं. कोचने तुला काढलं तो मे महिन्यातला गुरुवार होता. दोनच दिवसांनी, शनिवारी, सामना होता आणि तुझी आई त्या सामन्याला गेली. तू वाहनतळावरून तिला आत जाताना पाहिलंस. रात्री तू फोन केलास. तू काय बोललास ते तिने मला सांगितलं नाही, फक्त फोन ठेवून टॉवेलांच्या घड्या घालत बसली. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस.

टायरिस म्हणाला, "त्याच शनिवारी? लगेच?"

मी म्हणालो, हो.  त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तो तुझ्या बाजूचा आहे. खरं सांगायचं तर ती का गेली ते त्या वेळी मलाही कळलं नव्हतं.

बाबा


१८ मे

प्रिय वेंडेल,

काल सामना अर्ध्यावर थांबला. वादळाचा भोंगा झाला आणि सगळ्यांना खाली, कपडे बदलण्याच्या खोल्यांजवळच्या बोळात नेलं. दोन्ही टीम, पंच, प्रेक्षक, पॉपकॉर्नवाल्या बायका, सगळे एकत्र. आमच्यासमोर कॅन्ससचा एक धिप्पाड खेळाडू भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर कोणाचं तरी तान्हं बाळ झोपलं होतं. गावाच्या उत्तरेला दोन कोठारांची छपरं गेली. माणूस कोणी दगावला नाही. आपल्या घराला काही झालं नाही.

मी आणि लव्हर्न एका गुंडाळलेल्या गालिच्यावर बसलो होतो. वीज गेली होती. तो म्हणाला, "मास्तर, एक सांगू? दोन महिने जिभेवर आहे."

मी म्हणालो, सांग.

"तुम्ही बसता ती खुर्ची तुमची नाही."

मला वाटलं चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलो. मी विचारलं, मग कोणाची?

"वेंडेलची."

आता त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. लव्हर्न सगळ्या गोष्टींत थोडं तिखटमीठ लावतो हे तुला माहीत आहे. पण हे त्याने तसं सांगितलं नाही.

भिंतीलगतची जागा एकदा सोडली की परत मिळत नाही. तिच्यासाठी नावं लावून लोक थांबलेले असतात. ती रिकामी झाली तर शेजारी बसणाऱ्याचा हक्क पहिला, पण त्याने त्याच दिवशी, सामना सुरू व्हायच्या आत, स्वतः तिकिटांच्या खिडकीवर जाऊन सांगायचं. नाहीतर ती पुढच्या नावाला जाते. तुला काढलं त्या आठवड्यात आईच्या शेजारचे म्हातारे ओल्सन ॲरिझोनाला मुलीकडे राहायला गेले. त्यांची खुर्ची त्या शनिवारी सुटत होती.

आई गेली ती त्यासाठी. खिडकीवर जाऊन तिने ती जागा घेतली. लव्हर्नने तिला विचारलं होतं, कोणासाठी? ती म्हणाली, "वेंडेल आज ना उद्या नुसता बघायला येईल. तेव्हा त्याला मागच्या रांगेत बसावं लागू नये."

त्या दिवशी तिने एकदाही टाळी वाजवली नाही, असं लव्हर्न म्हणाला. शेवटपर्यंत बसली, उठली, गेली. त्यानंतर दर सामन्याला ती त्या खुर्चीवर आपला कोट ठेवायची. कोणी पेला ठेवायला गेलं तर म्हणायची, बसलंय इथे कोणीतरी. एकदा एका माणसाने जागा मागितली तेव्हा लव्हर्नने मुद्दाम घंटा वाजवून त्याला पळवलं.

तिने तुला हे का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. तू फोन उचलत नव्हतास. मलाही सांगितलं नाही. कदाचित सांगितल्यावर मी म्हणालो असतो की दोन तिकिटं कशाला, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

वीज आली तेव्हा आम्ही वर गेलो. मी कोट उचलून तुझ्या खुर्चीवर ठेवला आणि तिच्या खुर्चीवर बसलो.  तिची खुर्ची जाळीच्या खांबाला लागून आहे. तिथून खेळ जास्त जवळ येतो.

शेवटचा घरचा सामना २८ जूनला आहे. त्या दिवसापर्यंत पुढच्या वर्षी जागा ठेवायच्या की सोडायच्या ते कळवावं लागतं. मी अजून काही ठरवलेलं नाही. तू आलास तर जागा आहे, एवढंच.

बाबा


८ जून

प्रिय वेंडेल,

काल मी सामना घालवला. हे वाक्य दोन-तीन प्रकारे लिहून पाहिलं. दुसऱ्या कोणत्याही प्रकारे ते खरं होत नाही.

कॅन्ससविरुद्ध आपण चार गुणांनी मागे होतो. शेवटची चाल. जिंकलो असतो तर बादफेरीत गेलो असतो, हरलो तर हंगाम संपल्यात जमा. बॉल टायरिसच्या डोक्यावरून गेला, जाळीला लागला आणि उसळून माझ्या कोपऱ्याकडे आला. टायरिस वळला होता. त्याचे हात वर आले होते. हे सगळं मी नंतर व्हिडिओत पाहिलं. तेव्हा मला फक्त बॉल दिसत होता. तो हळू येत होता, आणि मला वाटलं की इतक्या वर्षांनी हिच्या कोपऱ्यात एक येतो आहे. मी उभा राहिलो, दोन्ही हात भिंतीवरून मैदानात पुढे काढले आणि तो पकडला.

सगळीकडे शांत झालं. मला वाटलं लोक टाळ्या वाजवतील.

जाळीचा बॉल जमिनीवर पडेपर्यंत खेळात असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लव्हर्नने सांगितलं होतं. पण माझ्या हातांना ते माहीत नव्हतं. पंच आला आणि त्याने फार नम्रपणे बॉल मागितला. मी दिला, आणि सामना तिथेच संपला. कोचने पाटी जमिनीवर आपटली. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं की मास्तरांना कॅन्ससकडून पगार मिळतो का. लव्हर्न वळून म्हणाला की ज्याने हे विचारलं त्याला मास्तरांनी रसायनशास्त्रात दोनदा नापास केलं आहे आणि गावाला ते ठाऊक आहे. त्यावर थोडं हसू झालं. पण फार नाही.

टायरिस आणि मी एकाच गाडीतून घरी आलो. मला त्याला सांगायचं होतं, पण रेल्वेचं फाटक येईपर्यंत सुरुवात सापडली नाही. मालगाडी लांबलचक होती. शेवटी मी म्हणालो की त्याचा टचडाउन, जिंकून देणारे सहा गुण, मी घेतले.

तो समोर बघत होता. म्हणाला, "मिस अर्डिथनी तुमच्या हातावर चापट मारली असती, सर."

मी म्हणालो, मारली असती.

मालगाडीचे डबे जातच होते. मग तो म्हणाला, "पकडलात मात्र चांगला. दोन्ही हातांनी, डोळे बॉलवर. आमचा कोच हंगामभर हेच शिकवतोय." आणि त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याने खिडकीकडे तोंड केलं. तो पंचवीस वर्षांचा आहे. असे शेवटच्या चालीचे झेल त्याच्या वाट्याला फार येणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी त्याला अंडी करून दिली. त्याने खाल्ली.

बाबा


१६ जून

प्रिय वेंडेल,

तुझा निरोप मिळाला. मी गवत कापत होतो, म्हणून दुपारपर्यंत फोन पाहिला नाही. आता तो इतक्यांदा वाचला आहे की पाठ झाला आहे.

"जाळीचा बॉल असेल तेव्हा हात मांडीखाली ठेवायचे असतात, बाबा. आईने कधी सांगितलं नाही?"

टायरिसकडून कळलं की तो व्हिडिओ आता सगळीकडे फिरतो आहे. टायरच्या दुकानातल्या एका माणसाच्या मेव्हण्याने तो ओरेगनमध्ये पाहिला. अलास्कापर्यंत पोचेल असं मला वाटलं नव्हतं. म्हातारा माणूस उभा राहून स्वतःच्याच टीमचा बॉल पळवतो, हे लोकांना बघायला आवडत असावं.

मी तुला "समजलं" एवढंच उत्तर पाठवलं. आणखी लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, एका ओळीला एक ओळ पुरे. माझी पत्रं तू वाचली आहेस की नाही ते तुझ्या ओळीवरून कळत नाही. तेही विचारलं नाही.

इथे गरम आहे. मका गुडघ्यापर्यंत आला आहे. टायरिसच्या खांद्याला बर्फ लावावा लागतो, बाकी ठीक.

बाबा


२९ जून

प्रिय वेंडेल,

आज रविवार. सकाळी टायरिसला बसवर सोडलं. आल्यावर त्याच्या, म्हणजे तुझ्या, खोलीतल्या चादरी धुतल्या आणि बाहेर वाळत घातल्या. मग तुझा फोन आला.

आपण काय बोललो ते तुला माहीत आहे, पण कालचं राहून गेलं, म्हणून लिहितो.

काल मी खुर्चीपाशी गेलो तर खुर्चीच्या हातांना स्वयंपाकाचे दोन जाड हातमोजे दोरीने बांधलेले होते. लव्हर्नच्या बायकोचे, कोंबड्यांची चित्रं असलेले. मी ते घातले. दुसरं काय करणार? पहिल्यांदा बॉल आमच्या बाजूला आला तसा लव्हर्न ओरडला, "मास्तर, हात!" मी हात मांडीखाली घातले. पुढच्या वेळी सगळी रांग ओरडली. तिसऱ्या भागापर्यंत सगळं सभागृह ओरडत होतं. बॉल पार दुसऱ्या टोकाला असला तरी. कॅन्ससच्या सामन्यात ज्याने मला पगाराचं विचारलं होतं तो सगळ्यांत मोठ्याने. मला आयुष्यात एवढ्या लोकांनी एकदम हाक मारलेली नाही.

हंगाम आमच्यासाठी संपलेलाच होता, तरी जिंकलो. टायरिसने आमच्याच कोपऱ्यात एक पकडला आणि तसाच भिंतीवरून अलीकडे आला. तुझ्या खुर्चीवर पडला. उठताना त्याने पाहिलं की तो कोटावर पडला आहे. त्याने खेळ सुरू व्हायची घाई असतानाही कोट झटकला, खुर्चीच्या पाठीला नीट लावला आणि मग भिंतीवरून परत गेला. लव्हर्नने घंटा वाजवली नाही. हे त्याच्याकडून पहिल्यांदाच झालं असेल.

सामना संपल्यावर नेहमीप्रमाणे लोक मैदानात उतरले, खेळाडूंच्या सह्या घ्यायला. मी खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, एक की दोन. मी म्हणालो, दोन. हे मी तुझा फोन यायच्या आधी केलं, हे तुला कळावं.

फोनवर तू विचारलंस की त्या व्हिडिओत माझ्या शेजारच्या खुर्चीवर आईचा हिरवा कोट का आहे. तेव्हा मला कळलं की तू पत्रं उघडलेली नाहीस. मला ते सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण लव्हर्नने अंधारात सांगितलं तसं मला सांगता येणार नाही, आणि ते चुकीचं सांगितलं गेलेलं मला चालणार नाही. म्हणून म्हणालो की अठरा मेच्या तारखेचं पत्र काढ आणि वाच.

तू फोन ठेवलास. मी तिथेच बसून राहिलो.

मग पत्र वाचून तू दुसऱ्यांदा फोन केलास. तुझ्या मागे समुद्रपक्षी ओरडत होते आणि कसलं तरी यंत्र चालू होतं.  नंतर तू विचारलंस, "खांबाजवळची कोणाची?" मी म्हणालो, तिची. तुझी अलीकडची. तू म्हणालास, "तिथून जाळी नीट दिसत नाही. ती कशी काय बघायची?"  मग तुझी पाळी सुरू व्हायची वेळ झाली.

तू येशील का असं मी विचारलं नाही. आताही विचारत नाही. पुढचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो.

टायरिस भिंतीवरून आला तेव्हा त्याच्या खांद्याच्या कवचात अडकून कोटाचं वरचं बटण तुटलं होतं. ते लव्हर्नला खुर्च्यांखाली सापडलं. जेवण झाल्यावर आईचा शिवणाचा डबा काढला. सुईत दोरा ओवायला वेळ लागला, खिडकीशी उभं राहावं लागलं. हिरवा दोरा काही सापडला नाही, म्हणून काळ्याने शिवलं. कोट झटकून मागच्या दारापाशी खुंटीवर लावला आणि चादरी आत आणायला गेलो.

बाबा